क्षीण युरेनियमचा मारा झालेल्या भागात वावरताना घ्यावयाची काळजी

नैसर्गिक युरेनियममध्ये अणुभट्टीला उपयोगी पडणारा युरेनियम-२३५ हा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणुप्रकार) जेमतेम ०.७ टक्के असतो. समृद्धीकरणात, म्हणजे त्याचे प्रमाण वाढवलेले इंधन बनवताना, तो बराचसा काढून घेतल्यावर, साधारण ०.२ ते ०.३ टक्के युरेनियम-२३५ असलेला जो साठा मागे उरतो, तेच क्षीण युरेनियम होय. शिशाच्या सुमारे पावणेदोन पट घनता, चिलखतावर आदळताना बोथट न होता धार धरण्याचा गुण आणि बारीक चुऱ्याचा आपोआप पेट घेण्याचा स्वभाव, यांमुळे त्याचा गाभा रणगाडाभेदी गोळ्यांत वापरला जातो. १९९१ मध्ये इराक-कुवेतमध्ये आणि १९९९ मध्ये कोसोवोत असे गोळे डागले गेले. २०२३ मध्ये ब्रिटनने चॅलेंजर-२ रणगाड्यांसोबत ते युक्रेनला दिले.

अशा भागात पुनर्बांधणीच्या किंवा मदतकार्याच्या निमित्ताने जाणाऱ्याने जळालेल्या रणगाड्यावर चढू नये, आत शिरू नये आणि त्याचे भंगार तर मुळीच हलवू नये, कारण आदळल्यावर तयार झालेली काळसर धूळ आतच साचलेली असते. तिथे काम करणे अटळ असल्यास धूळरोधक मुखपट्टी व हातमोजे वापरावेत, आणि हात धुतल्याखेरीज काही खाऊ नये. मुलांना तेथून कटाक्षाने दूर ठेवावे. मातीचे हात तोंडात घालण्याची सवय त्यांना अधिक बाधते.

अमेरिकेच्या ए-१० या लढाऊ विमानांनी कोसोवोत डागलेल्या ३० मिलिमीटरच्या गोळ्यांचा गाभा सुमारे १० सेंटिमीटर लांब आणि ३०० ग्रॅम वजनाचा होता. लक्ष्य चुकलेले अनेक गाभे जमिनीत रुतले आणि तिथेच गंजू लागले. असा आकारमानाच्या मानाने फार जड, काळपट किंवा पिवळसर गंज चढलेला तुकडा दिसल्यास तो उचलू नये, खिशात तर कधीच ठेवू नये; जागेची नोंद करून सुरुंग निकामी करणाऱ्या पथकाला कळवावे. (खरे तर त्याच शेतात न फुटलेला बॉम्ब असण्याचा धोका अधिक तातडीचा असतो.) किरणमापकाचा काटा हलला नाही म्हणून जमीन निर्धोक मानू नये, कारण मातीखालचा तुकडा त्याला सहसा जाणवत नाही.

विहिरीच्या पाण्याची अधूनमधून तपासणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी युरेनियमचे मार्गदर्शक प्रमाण लिटरला ३० मायक्रोग्रॅम ठरवले आहे, आणि त्यामागे किरणोत्सारापेक्षा मूत्रपिंडाला होणाऱ्या रासायनिक इजेचा विचार आहे.

धूळ श्वासावाटे गेल्याची शंका असल्यास लघवीची तपासणी करावी. मात्र अन्नपाण्यातून थोडे युरेनियम प्रत्येकाच्याच शरीरात जात असल्याने केवळ एकूण प्रमाण न मागता समस्थानिकांचे गुणोत्तरही (क्षीण युरेनियम त्यावरून वेगळे ओळखता येते) मोजून देण्यास प्रयोगशाळेला सांगावे. अंगात गोळ्याचे कण रुतून राहिलेल्यांना ही तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते.