काल्पनिक वाहतूक कंपनीचा लोगो रेखाटताना या चुका टाळा

कंपनी काल्पनिक असली की मोकळीक मिळेल असं वाटतं, पण हात अडतो तो तिथेच. 'एका ट्रान्सपोर्ट कंपनीचा लोगो' एवढंच ठरवून पेन्सिल टेकवली की चाक, रस्ता आणि बाण यांच्यापलीकडे काही सुचत नाही. माझ्या वहीची कितीतरी पानं अशीच भरली आहेत. आधी कंपनी नीट कल्पून घ्या. ती माणसं नेते, दूध नेते की काचसामान? दिवसा की रात्री? घाटातून की पाण्यावरून? 'नदीच्या दोन काठांमधली, पहाटे सुटणारी फेरी' एवढं एक वाक्य लिहिलं तरी दोन काठ, मधलं पाणी, ये-जा, उगवतीचा उजेड असं बरंच काही रेखाटायला मिळतं.

थेट वाहनाचं चित्र काढू नका. ट्रकवर पुन्हा ट्रक दाखवून काय सांगणार? शिवाय वाहनं जुनी होतात. लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीचा उडता क्रौंच ऑटो फिर्ले यांनी 1918 मध्ये एका आधीच्या विमान कंपनीसाठी काढला होता. तेव्हाचं विमान काढलं असतं तर ते आज संग्रहालयातलं वाटलं असतं. डिझायनर पॉल रँड यांनी 1961 मध्ये यूपीएस या पार्सल पोहोचवणाऱ्या कंपनीच्या लोगोतल्या ढालीवर गाठ बांधलेलं पार्सल ठेवलं. गाडीपेक्षा गाडीतली वस्तू त्यांना महत्त्वाची वाटली, आणि मला तो निर्णय फार आवडतो.

बाणाची गंमत वेगळी आहे. उजवीकडे जाणारा बाण कागदावर वेगवान दिसतो, पण गाडीच्या डाव्या बाजूला तोच रंगवला की तो मागच्या चाकांकडे धावतो! म्हणून प्रत्येक स्केच गाडीच्या दोन्ही बाजूंवर कल्पून पाहा. गेराल्ड बार्नी यांचं ब्रिटिश रेलचं 1965 मधलं चिन्ह दोन समांतर रेघा आणि दोन उलट बाणांचं आहे, म्हणजे रूळही आले आणि जाणं-येणंही. तरी ब्रिटिश रेलच्या जहाजांच्या धुराड्यावर डाव्या बाजूला ते आरशातल्यासारखं उलटवलं जाई, वरचा बाण पुढेच राहावा म्हणून.

कुरिअर कंपनी फेडेक्सच्या 1994 मधल्या लोगोत लिंडन लीडर यांनी इंग्रजी 'ई' आणि 'एक्स' यांच्यामधल्या मोकळ्या जागेत बाण साधला. तो पाहून प्रत्येक नावात बाण लपवायचा मोह होतो. तिथे तो अक्षरांच्या आकारातूनच निघाला. देवनागरीत मोकळ्या जागा वेगळ्या असतात, तेव्हा आपल्या अक्षरांत काय दडलंय ते शोधा. शिरोरेषेचा रस्ता करण्याची कल्पना बहुतेकांना सुचते, मलाही सुचली होती. पण अक्षरं रेषेखाली लटकतात, त्यामुळे रस्ता त्यांच्या डोक्यावरून जातो आणि सगळं उलटंपालटं वाटतं. तीच शिरोरेषा रोपवेची दोरी केली की अक्षरं आपोआप पाळणे होतात! किंचित तिरपी ओढा, चढणही दिसेल. मात्र मात्रा आणि वेलांट्या दोरीच्या वर येतात, त्यामुळे नाव निवडतानाच त्यांचा विचार करा.

सगळी स्केचेस एकसारखी दिसायला लागली तर बहुधा तुम्ही फार मोठं आणि फार नेटकं काढताय. दोन-तीन सेंटिमीटरच्या चौकटी आखा, जाड मार्कर घ्या, खोडरबर बाजूला ठेवा आणि तीस चौकटी भरा. पहिल्या दहा-बारांत ओळखीच्याच कल्पना येतील, येऊ द्या. रंग आत्ता नकोच. काळ्या शाईत न उभा राहणारा आकार लाल-पिवळ्यातही डळमळतो.

मग वही भिंतीला टेकवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. धावती गाडी माणसाला क्षणभरच दिसते, म्हणून तिथून नजर टाकताच जी चौकट ओळखू येईल तिच्यावर खूण करा आणि तीच पुढच्या पानावर मोठी काढायला घ्या.