ईईप्रॉममधली माहिती लिनक्स कर्नलला वाचायला द्यायची, तर ड्रायव्हरची रचना कशी करावी?

जालना जिल्ह्यातल्या एका मोसंबीच्या बागेत जमिनीतला ओलावा मोजणारं यंत्र बसवायचं आहे, असं धरा. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि ड्रायव्हर म्हणजे एकेक भाग चालवणारा त्याचा कोड. आत लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड, इथरनेट, ओलाव्याचे सेन्सर आणि २५६ बाइटची २४सी०२ ही ईईप्रॉम चिप. लाइट गेली तरी या चिपमधलं काही पुसलं जात नाही. म्हणून यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची त्याची ओळख), अनुक्रमांक आणि सेन्सरच्या कॅलिब्रेशनचे, म्हणजे त्याचं मोजमाप खऱ्या ओलाव्याशी जुळवणारे, आकडे तिच्यात लिहून ठेवतात. काळ्या रानासाठी हे आकडे वेगळे काढावे लागतात. ती माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. मुरमाड रानातलं कॅलिब्रेशन तिथं चालत नाही.

चिपमधून बाइट वाचणं सोपं आहे. त्यांचा अर्थ कोणी लावायचा, हा खरा प्रश्न. पुष्कळ ठिकाणी इथरनेटच्या ड्रायव्हरमध्येच ‘अमुक बाइटपासून पुढचे सहा बाइट म्हणजे मॅक’ असं लिहून मोकळे होतात. बोर्डाची पुढची आवृत्ती आली की तो ड्रायव्हर पुन्हा उघडावा लागतो, आणि जुनी यंत्रं तर शेतात तशीच चालू असतात.

१. कर्नलला काय लागतं तेवढंच काढा

कागद घ्या आणि चिपमधल्या प्रत्येक नोंदीपुढे लिहा: ही कोण वापरणार? मॅक इथरनेटच्या ड्रायव्हरला हवा, कॅलिब्रेशन सेन्सरच्या ड्रायव्हरला. या दोन्ही गोष्टी कर्नलच्या आहेत. शेताचा गट नंबर, यंत्र बसवल्याची तारीख, बागाईतदाराचं नाव यांच्याशी कर्नलला काही देणंघेणं नाही. त्या साध्या प्रोग्रामनं वाचाव्यात. कर्नलमध्ये वाढवलेली पार्सरची, म्हणजे बाइटांचा अर्थ लावणाऱ्या कोडची, प्रत्येक ओळ सर्वोच्च अधिकारानं चालते. तिथं चूक झाली तर एक प्रोग्राम नाही, अख्खं यंत्र बंद पडतं.

२. मांडणी ठरवा

मांडणी दोन प्रकारची असते. एक ठरावीक जागांची, सातबाऱ्यासारखी: कोणत्या रकान्यात काय असतं हे आधीच माहीत. अशी मांडणी असेल तर नवा पार्सर लिहूच नका. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय कुठे आहे हे कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात, ‘फिक्स्ड-लेआउट’ घालून प्रत्येक नोंदीची सुरुवात आणि लांबी सांगितली की काम झालं.

दुसरी टीएलव्ही, म्हणजे प्रकार, लांबी आणि मग मजकूर. नेटवर्क स्विचमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम बसवणाऱ्या ‘ओनी’ या प्रणालीची मांडणी याचा चांगला नमुना आहे. सुरुवातीला आठ बाइटची ओळखखूण, मग एका बाइटची आवृत्ती, दोन बाइटची एकूण लांबी, त्यापुढे नोंदी आणि शेवटी सीआरसी-३२, म्हणजे बाइट बिघडले तर ते पकडणारा तपासणीचा आकडा. स्वतःची मांडणी करत असाल तर यातली एकही गोष्ट गाळू नका. एकापेक्षा जास्त बाइटच्या संख्येत मोठा बाइट आधी की छोटा, हेही लिहून ठेवा. ओनीत मोठा आधी असतो.

३. तीन कामं, तीन ठिकाणी

२०१५ मध्ये लिनक्समध्ये एनव्हीमेम ही, वीज गेली तरी टिकणारी माहिती हाताळण्याची, चौकट आली आणि २०२३ मध्ये तिला ‘लेआउट’ची जोड मिळाली. तिच्यामुळे कामाची वाटणी स्वच्छ होते. एटी२४ हा ड्रायव्हर आय-टू-सी बसवरून, म्हणजे चिप जोडणाऱ्या दोन तारांवरून, बाइट आणतो; त्याला अर्थाशी मतलब नाही. लेआउटचा ड्रायव्हर ते बाइट तपासतो आणि प्रत्येक नोंदीचा एक ‘सेल’ तयार करतो: नाव, ऑफसेट (सुरुवातीची जागा), लांबी. वापरणारा ड्रायव्हर नावानं सेल मागतो. उद्या ईईप्रॉमऐवजी तीच माहिती फ्लॅशमध्ये ठेवली, तरी इथरनेटच्या ड्रायव्हरला हात लावावा लागत नाही.

एका बोर्डावर दोन पोर्ट असतील तर दोन मॅक साठवायची गरज नाही. पहिला साठवा, वाचून झाल्यावर चालणारं एक फंक्शन सेलला जोडता येतं, ते पोर्टचा क्रमांक मिळवून पुढचा पत्ता देतं.

सगळ्यात जास्त घोळ सुरू होण्याच्या क्रमात होतो. इथरनेटचा ड्रायव्हर आधी जागा झाला आणि ईईप्रॉमचा अजून व्हायचा आहे, असं सर्रास घडतं. अशा वेळी एनव्हीमेमकडून ‘प्रोब डिफर’ असं उत्तर येतं, म्हणजे थोड्या वेळानं पुन्हा विचार. हे उत्तर जसंच्या तसं वर पाठवा. ते साधी चूक समजून गिळलं आणि यादृच्छिक मॅक घेतला, तर दर वेळी लाइट आल्यावर यंत्र नव्या पत्त्यानं उभं राहतं. राउटरमध्ये राखून ठेवलेला आयपी त्याला मिळत नाही आणि बागेतलं यंत्र बंद पडलं असं सगळ्यांना वाटतं. सेल मुळातच नसणं आणि सेल अजून तयार नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४. एकाही बाइटवर विश्वास ठेवू नका

आधी ओळखखूण, मग आवृत्ती, मग लांबी चिपच्या आकारात बसते का, मग सीआरसी. चारही जमलं तरच नोंदी वाचायला घ्या. नोंद वाचताना ‘ऑफसेट अधिक लांबी एकूणपेक्षा जास्त आहे का’ असं विचारू नका, कारण ती बेरीज उलटून लहान होऊ शकते. ‘उरलेल्या जागेपेक्षा लांबी जास्त आहे का’ असं विचारा. प्रकार आणि लांबी या दोन बाइटांपुरती तरी जागा उरली आहे का, हे त्याआधी बघा. अनोळखी प्रकार दिसला तर तो ओलांडून पुढे जा, म्हणजे नव्या नोंदी असलेली चिप जुन्या कर्नललाही चालेल. मॅकच्या नोंदीची लांबी सहा नसेल तर तो सेल बनवू नका.

५. लिहिताना लाइट जाणार, हे गृहीत धरा

आपल्याकडे शेतीच्या फीडरवर वीज पाळीनं येते, डीपी जळाली तर येतही नाही. २४सी०२ला एक लेखन पुरं करायला ५ मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो आणि एका वेळी ८ बाइटचंच पान लिहिता येतं. म्हणजे शंभर बाइटची नोंद अर्धी नवी, अर्धी जुनी राहणं सहज शक्य आहे. यावर उपाय दोन प्रतींचा. प्रत्येक प्रतीला चढता क्रमांक आणि स्वतंत्र सीआरसी द्या, नेहमी जुन्या प्रतीवर लिहा, आणि वाचताना सीआरसी जुळणाऱ्यांपैकी मोठ्या क्रमांकाची घ्या. मॅक आणि अनुक्रमांक यांत मिसळू नका. ते कारखान्यात एकदाच लिहून डिव्हाइस ट्रीमध्ये ‘रीड-ओन्ली’ केलेल्या वेगळ्या चिपमध्ये ठेवलेले बरे.

६. बोर्ड हातात येण्याआधी तपासा

पार्सर हे बफर (मेमरीतला बाइटांचा साठा) आणि लांबी एवढंच घेणारं फंक्शन ठेवा. मग केयुनिट या कर्नलच्या चाचणी-चौकटीत त्याला हवे तसे बाइट देता येतात: रिकामी चिप, जिच्यात सगळे बाइट २५५ असतात, मध्येच तुटलेली नोंद, लांबी शून्य असलेली नोंद, सीआरसीचा एकच बिट बदललेला. त्यानंतर क्यूएमू या संगणकावर नकली बोर्ड चालवणाऱ्या प्रोग्राममधल्या नकली एटी२४ चिपला फाइल जोडून अख्खा बोर्ड सुरू होतो का बघा, आणि इथरनेटला मिळालेला मॅक फाइलमधल्या मॅकशी ताडून घ्या.

हा लेआउट मूळ कर्नलमध्ये पाठवायचा असेल तर डिव्हाइस ट्रीच्या बाइंडिंगचा (त्यात काय कसं लिहायचं या नियमांचा) यामल दस्तऐवज वेगळ्या पॅचमध्ये, म्हणजे बदलांच्या वेगळ्या संचात, ड्रायव्हरच्या पॅचआधी ठेवा. मांडणीचा तक्ता ड्रायव्हरच्या फाइलमध्येही टिपणीत लिहा. दुरुस्तीला बसलेला माणूस पहिल्यांदा तीच फाइल उघडतो.