हिवाळ्याच्या अखेरीस स्की टूरिंग: या चुका टाळा

हिवाळा सरत आला की स्की टूरिंगला, म्हणजे स्की घालूनच डोंगर चढायला आणि उतरायला, जाणाऱ्यांना जरा जास्तच धीर येतो. दिवस मोठा झालेला असतो, थंडी बोचत नाही आणि बर्फ अजून भरपूर असतो. नेमक्या याच दिवसांत अनुभवी माणसंही फसतात. ऐन थंडीत सकाळी पाहिलेला उतार दुपारीही बहुधा तसाच सापडतो. आता तोच उतार सहाला काचेसारखा, दहाला लोण्यासारखा आणि बाराला जीवघेणा असू शकतो. त्यामुळे खालच्या बहुतेक चुकांचा माग काढत गेलात तर शेवटी घड्याळाशीच येऊन पोचाल. स्किन (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी) सुटण्यासारखी क्षुल्लक चूकही त्याला अपवाद नाही.

‘सकाळी गारठा होता, म्हणजे बर्फ गोठलाच असेल’

या दिवसांत दिवसा बर्फ वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. गोठलेला थर सकाळी तुमचं वजन पेलतो आणि खालचा ओला बर्फ जागेवर धरून ठेवतो. सगळी भिस्त त्या थरावर, आणि तो बनला की नाही हे नुसत्या तापमानावरून कळत नाही. आभाळ निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता थेट वर सोडतो आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी त्याचा पृष्ठभाग गोठतो. रात्रभर ढग असतील तर पांघरूण घातल्यासारखं होतं आणि गारठा जाणवूनही बर्फ आतून ओलाच राहतो. म्हणून झोपण्यापूर्वी एकदा आणि निघताना पुन्हा आभाळ बघा.

खात्री करायची तर उजाडताना स्की काढून बर्फावर नुसत्या बुटांनी उभे राहा. पाय घोट्यापर्यंत गेला तर त्या दिवसाचा मोठा बेत तिथेच सोडा. काठी जोर न लावता आरपार जात असेल तर वरचा पापुद्रा पातळ आहे, तो उन्हात तासभरही टिकणार नाही.

निघायची वेळ आधी ठरवणं

हिशेब उलटा करायचा असतो. उत्तर गोलार्धात ऊन आधी पूर्वेच्या उतारावर येतं, मग दक्षिणेच्या, शेवटी पश्चिमेच्या. ज्या उतारावरून खाली यायचंय तो किती वाजता बिघडेल हे आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत या. मोजायला स्विस मार्गदर्शक व्हेर्नर मुंटर यांची सोपी पद्धत आहे: आडवं १ किलोमीटर म्हणजे एक एकक, उभी १०० मीटर चढाई म्हणजेही एक एकक, आणि चढताना तासाला ४ एककं. ५ किलोमीटर अंतर आणि १,००० मीटर चढ म्हणजे १५ एककं, पावणेचार तास. त्यात थांबे, स्किनची काढघाल आणि थोडी ढिलाई मिळून पाऊण तास घाला. माथ्यावर दहाला पोचायचं तर साडेपाचला चालायला लागलं पाहिजे. साडेपाचला गाडीतून उतरून चालणार नाही! गटात नवखे असतील तर तासाला ३ एककं धरा आणि आणखी लवकर निघा.

उशीर झाल्याच्या खुणा स्पष्ट असतात. वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ झालेले असतात तोवर उतरण्यात खरी मजा आहे. पाय घोट्याच्या वर रुतू लागला, स्कीखालून बर्फाचे गोळे गडगडत सुटले, खडकांजवळून ओल्या बर्फाचे ओघळ यायला लागले, की तो उतार सोडायचा. ‘एवढा एकच टप्पा राहिलाय’ हे वाक्य त्या वेळी हमखास कुणीतरी बोलतं.

स्किन चिकटत नाही, किंवा नको तितकी चिकटते

घाईत लावलेली स्किन तिसऱ्या वळणावर सुटते. गोंदाला फार क्वचित दोष द्यावा लागतो. बहुतेकदा स्कीच्या तळाला पाणी किंवा बर्फाची भुकटी लागलेली असते. तळ खरवडून बाहीने कोरडा पुसा, मगच स्किन लावा. पुन्हा चढायचं असेल तर मधल्या उतरणीत स्किन जॅकेटच्या आत, अंगाशी ठेवा. तरीही सुटली तर रबरी पट्ट्या कामाला येतात, चार-पाच सोबत असू द्या. एकदा माझ्याकडे एकही नव्हती. उरलेला चढ स्की खांद्यावर घेऊन, मांडीपर्यंत रुतत काढला आणि त्यात सकाळचा सगळा वाचवलेला वेळ गेला.

उलटा त्रास दुपारचा. ओल्या बर्फातून सावलीत शिरलात की स्किनच्या केसांवर गोळे धरतात आणि प्रत्येक पावलाला दोन-दोन किलो उचलल्यासारखं वाटतं. स्किनचं मेण केसांच्या दिशेने घासा, पण कोरड्या स्किनवर, निघण्यापूर्वी. गोळे धरल्यावर मेण घासणं म्हणजे वरातीमागून घोडं. पहाटेच्या कडक आडव्या चढावर मात्र स्किन पकडच घेत नाही. तिथे स्की क्रॅम्पॉन, म्हणजे स्कीला लावायचे दातेरी पत्रे, लागतात आणि ते अवघड जागा येण्याआधी, सपाटीवर लावायचे असतात.

बाइंडिंग आपोआप सुटतं

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. पिन बाइंडिंगमध्ये बुटाचं टोक दोन पिनांच्या चिमट्यात धरलेलं असतं. तिच्या पुढच्या भागाखाली बर्फ दाबून बसला की पिना पूर्ण मिटत नाहीत. काठीच्या टोकाने तो काढा, बुटाच्या पुढची भोकंही साफ करा, आणि पाय अडकवल्यावर टाच दोन-चारदा वरखाली हलवून बघा. चढताना पुढची कळ कुलूपबंद असते. उतरताना ती मोकळी करायला विसरू नका. बंद राहिली तर पडल्यावर स्की सुटणार नाही आणि पाय पिळवटेल. हिमस्खलनात तर तीच स्की माणसाला नांगरासारखी खाली ओढते.

धोक्याचा आकडा वाचला आणि पान मिटलं

हिमस्खलनाच्या इशाऱ्यात १ ते ५ पातळ्या असतात. ३ ही मधली, म्हणून बेताची, असं वाटतं. प्रत्यक्षात मोठ्या संख्येने बळी याच पातळीवर जातात. या दिवसांत तर सकाळचा आणि दुपारचा आकडा वेगळा दिलेला असतो, आणि लोक सकाळचाच लक्षात ठेवतात.

लादीसारखा थर सुटून होणारी हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. तुम्ही २० अंशांवर असाल, पण डोक्यावर ३८ अंशांचा उतार उन्हात तापत असेल, तर तुमचे २० अंश काही कामाचे नाहीत. उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारावर वेगळंच संकट असतं. तिथे थंडीतला कोरडा बर्फ अजून टिकलेला असतो आणि त्याखाली जाड साखरेसारखे सुटे दाणे. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा स्कीपुढे भेग धावत गेली, तर उतार स्वतःच सांगतोय, आणखी खड्डा खणून तपासायची गरज नाही. धारेवर वाऱ्याने बाहेर झुकलेला बर्फाचा कंगोरा वाटतो त्यापेक्षा बराच मागून तुटतो.

आणि जुन्या खुणा. काल कुणी उतरलं होतं, यावरून आज काही सिद्ध होत नाही. तो माणूस कदाचित नऊला उतरला असेल. हिमस्खलनाचे अभ्यासक इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेतल्या ७०० हून अधिक अपघातांचा अभ्यास करून हेच दाखवलं की ओळखीची जागा, दुसऱ्यांची उपस्थिती, ठरलेला बेत अशा गोष्टी माणसाला समोरचा धोका दिसू देत नाहीत. प्राणघातक हिमस्खलनांपैकी सुमारे ९० टक्के बळी पडलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्यांच्या वजनानेच सुटतात.

बीकन आहे, सराव नाही

गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढलं तर आशा मोठी असते, त्यानंतर ती झपाट्याने घटते. म्हणजे बाहेरची मदत पोचेपर्यंत वेळ संपलेला असतो. जे काही करायचं ते सोबत्यांनीच. बीकन (गाडल्या गेलेल्याचा शोध लागावा म्हणून अंगावर बांधायचं रेडिओ-संकेताचं यंत्र) संकेत पाठवत असताना फोन त्याच्यापासून किमान २० सेंटिमीटर आणि शोधताना ५० सेंटिमीटर लांब हवा, नाहीतर दिशा चुकते. बहुतेकांना हे माहीत असतं आणि फोन तरीही छातीच्याच खिशात असतो.

खरा वेळ खणण्यात जातो. ओल्या हिमस्खलनाचा ढीग थांबताक्षणी काँक्रीटसारखा आवळतो, प्लॅस्टिकचं फावडं त्यात मोडतं. धातूचंच घ्या. प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब सळई) माणसाला लागला की तिथेच राहू द्या आणि थेट त्याच्यावरून खणण्याऐवजी उताराच्या खालच्या बाजूने आत शिरा.

उशीर झालाच तर

पहिली चूक म्हणजे आता घाईने तोच उतार उतरणं. चढून आलेली वाट कमी उताराची असेल तर परत तीच धरा, रटाळ वाटली तरी. नाहीतर धार धरून किंवा विरळ नसलेल्या झाडीतून वाट शोधा. धोक्याची पट्टी ओलांडणं भागच असेल तर एकेकाने ओलांडायची. बाकीच्यांनी खरोखर सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. यातलं काहीच जमत नसेल तर कंगोऱ्याखाली नसलेल्या खडकावर अंगावर सगळे कपडे चढवून बसा आणि सावली येऊन बर्फ आवळेपर्यंत वाट पाहा. वरचा थर कडक झाला तरी आतला ओलेपणा लगेच जात नाही, तेव्हा तिथेही पुन्हा स्की काढून, बुटांनी उभं राहून बघायचं. हेडलॅम्प सकाळी वापरून झाला म्हणून गाडीत ठेवून आला नसाल, तर हे सगळं बरंच सोपं जातं.