डिस्ट्रोमधलं पायथन कधी बदलायचं, मी कसं ठरवतो

दर ऑक्टोबरला पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं नवं व्हर्जन येतं आणि त्याच आठवड्यात पोरांचे मेसेज सुरू, सर आपल्या इमेजमध्ये कधी टाकताय. नाशिकच्या दोन कॉलेजांच्या लॅबसाठी मी डेबियन या लिनक्सवरून एक छोटी डिस्ट्रो, म्हणजे लॅबपुरतं जुळवलेलं लिनक्स, बनवतो आणि त्याची इमेज, म्हणजे मशीनवर टाकायची तयार प्रत, देतो, म्हणून हे ठरवायचं काम माझ्याकडेच असतं.

आधी बघायचं ते जुन्याचं आयुष्य, नव्याचे फीचर नंतर. पायथनच्या प्रत्येक व्हर्जनला ५ वर्षं सपोर्ट असतो, सुरुवातीला बगफिक्स आणि मग फक्त सिक्युरिटी. ३.९ ऑक्टोबर २०२० ला आलं, ऑक्टोबर २०२५ ला संपलं. आमच्याकडे इमेज एकदा टाकली की ३ वर्षं कोणी हात लावत नाही, म्हणजे टाकायच्या दिवशी त्या पायथनचं तेवढं तरी आयुष्य शिल्लक पाहिजे. डेबियन आपल्या पायथनला स्वतः पॅच लावतं हे खरं, पण तुम्ही वेगळं बिल्ड केलं असेल तर ते काम तुमच्याच गळ्यात.

मग खरं काम, सगळी पॅकेजं नव्या पायथनवर रिबिल्ड करून बघायची. नुसत्या रिलीज नोट्स वाचून हे कळत नाही. ३.१२ मधून पॅकेजं बिल्ड करायचं जुनं डिस्ट्युटिल्स गेलं, ३.१३ मधून सीजीआय, टेलनेटलिब धरून १९ जुनी मॉड्यूल गेली, आणि सी भाषेत लिहून पायथनला जोडलेल्या एक्स्टेन्शनचं तर असं की स्टेबल एबीआय (व्हर्जन बदललं तरी न बदलणारा सांधा) वापरणारी सोडली तर ३.११ साठी बिल्ड केलेली फाइल ३.१३ ला चालतच नाही. किती पॅकेजं फेल झाली हा आकडा मी फारसा बघत नाही, कोण फेल झालं ते बघतो. ज्यावर दुसरं काही अवलंबून नाही असं पॅकेज पडलं तर काढून टाकता येतं, पण आकडेमोडीचं नमपाय अडकलं की त्याच्यावरचं सगळं अडकतं. ३.१२ च्या वेळी डिस्ट्युटिल्स गेल्यामुळे नमपायला स्वतःच्या १.२६ व्हर्जनमध्ये बिल्डची पद्धतच बदलून मेसन या बिल्ड टूलवर जावं लागलं होतं, अशा वेळी थांबणंच बरं.

आणि नवं पायथन मिळणं वेगळं, ते डिफॉल्ट, म्हणजे नुसतं पायथन३ म्हटलं की चालणारं, होणं वेगळं. डेबियनवाले आधी दोन्ही व्हर्जन शेजारी ठेवतात, एक्स्टेन्शन दोन्हीसाठी बिल्ड करतात, मग डिफॉल्ट बदलतात आणि जुनं सगळ्यात शेवटी काढतात. हा क्रम मोडू नका, कळकळीने सांगतो. एका लॅबमध्ये उबुंटू २०.०४ वर कोणीतरी पायथन३ ची लिंक सरळ नव्या व्हर्जनकडे वळवली होती, सकाळी बघतो तर टर्मिनल उघडेना आणि अपडेट केलं की एपीटी_पीकेजी मॉड्यूल सापडत नाही असा एरर, कारण सिस्टिमची टूल्स ३.८ वर बिल्ड झालेली. परीक्षेच्या आठवड्यात पोरं नुसती बसून होती. सिस्टिमच्या पायथनला हात लावायचा नाही, ज्याला नवं पाहिजे त्याला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सिस्टिमपासून वेगळा कप्पा, करून द्यायचं.

वेळेचं म्हणाल तर आपल्याकडच्या द्राक्षवाल्यांना विचारा. सटाण्याकडे अर्ली छाटणी धरतात, भाव मिळतो पण पावसात डावणी रोग आला की घड जातात, आणि दिंडोरी-निफाडकडे बरेच जण पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये छाटतात. मी दुसऱ्या गटातला. नव्या व्हर्जनचं पहिलं बगफिक्स साधारण डिसेंबरात येतं, तोवर काहीच करत नाही, मग जानेवारीपासून रिबिल्ड. डेबियन १३ सुद्धा ऑगस्ट २०२५ ला आलं ते आदल्या ऑक्टोबरचं ३.१३ घेऊन. मे संपेपर्यंत माझी अडकलेल्या पॅकेजांची यादी रिकामी झाली तर जूनच्या इमेजमध्ये डिफॉल्ट बदलतो, नाही झाली तर त्या वर्षी जुनंच राहतं, मग कोणी कितीही मागे लागो.

एक राहिलं, मॅडम-सरांचे प्रॅक्टिकलचे जुने प्रोग्राम मागून घ्या आणि तेही नव्यावर चालवा, ते कुठल्याच पॅकेजच्या यादीत नसतात. कलेक्शन्स मॉड्यूलमधून थेट मॅपिंग इम्पोर्ट करणारी ओळ, जी ३.१० पासून बंद आहे, ती मला तिथेच सापडली, तीन वेगवेगळ्या असाइनमेंटमध्ये.