फवारणीचं औषध घेताना लेबल कसं वाचायचं, अन् कुणाला बाधा झाली तर त्याचा अर्ज जिनिव्हापर्यंत कसा पोचवायचा

मोंढ्यात गेलं की आपण एवढंच म्हणतो, "पऱ्हाटीवर तुडतुडे लै झालेत, भारी काहीतरी द्या." दुकानदार दोन बाटल्या अन् एक पुडी पिशवीत टाकतो, आपण उधारीत नाव लिहून निघतो. आता पुढच्या वेळी जरा थांबा अन् बाटली हातात घेऊन फिरवून बघा. मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीने ठेवलेलं असतं, ते सोडून द्या. खाली बारीक अक्षरात टक्केवारीसकट लिहिलेलं असतं, उदा. प्रोफेनोफॉस ५० टक्के ईसी (ईसी, एसएल ही औषध कुठल्या रूपात आहे त्याची खूण), ते खरं औषध, दुकानदार त्याला टेक्निकल म्हणतात. जगात औषधांवर जेवढे करार झालेत ते सगळे या टेक्निकलच्याच नावाने चालतात, कंपनीच्या नावाने तिथं काहीच सापडत नाही. म्हणून दुकानातच लेबलचे चारही बाजूंनी फोटो काढा, त्यात नोंदणी क्रमांक, बॅच नंबर अन् मुदत संपायची तारीख वाचता आली पाहिजे. अन् पक्कं बिल मागा. "बिल कशाला, आपलंच दुकान हाय" असं म्हटलं तरी मागा, पुढं त्याच कागदावर सगळं अडतं.

मग शंकरपाळ्यासारखा चौकोन बघा, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. प्रयोगातल्या जनावराच्या वजनाच्या दर किलोला ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी औषध पोटात जाऊन निम्मी जनावरं मरत असतील तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा. लाल म्हणजे किडीवर जोरात काम करतं असं लै जणांना वाटतं, तसं काही नाही, तो रंग माणसाला किती धोका आहे एवढंच सांगतो. अन् एकाच पंपात दोन-तीन औषधं मिसळली की कुठलंच लेबल त्या मिश्रणाचं राहत नाही, ते तुमच्या जबाबदारीवर.

आता टेक्निकलचं नाव जगाच्या यादीत शोधायचं. दोन याद्या बघितल्या तरी बास. पहिली रॉटरडॅम कराराची, म्हणजे घातक रसायनं एका देशातून दुसऱ्या देशात विकण्याबद्दलच्या कराराची, हा करार १९९८ चा, लागू झाला २००४ मध्ये, भारत २००५ मध्ये आत गेला. त्याच्या परिशिष्ट ३ मध्ये नाव असलं म्हणजे जगभर बंदी असं नाही हं, इथं लोक हमखास गोंधळतात. एखाद्या देशाला ते औषध पाठवायच्या आधी त्या देशाला विचारलं पाहिजे, अन् त्याने नको म्हटलं तर पाठवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मोनोक्रोटोफॉस त्यात आहे, फोरेट २०१९ मध्ये त्यात आलं. दुसरी यादी स्टॉकहोम कराराची, म्हणजे निसर्गात लवकर न विरणाऱ्या विषारी रसायनांवरच्या कराराची, ती जास्त कडक, तिथं उत्पादन अन् वापरच बंद करायचा असतो, काही सवलती सोडून. एंडोसल्फान २०११ मध्ये त्यात गेलं, तेव्हा आपल्याच सरकारने आधी चांगलाच विरोध केला होता, हे लक्षात असू द्या. क्लोरपायरीफॉस २०२५ मध्ये गेलं, तेही बऱ्याच सवलतींसकट, त्यामुळं वाळवीसाठी आपण जे घेतो ते लगेच दुकानातून गायब होईल असं समजू नका. दोन्ही याद्या करारांच्या वेबसाइटवर फुकट आहेत, मराठीत नाहीत, पण इंग्रजी स्पेलिंग लेबलवरून बघून टाकलं की नाव सापडतं. त्याच्यासोबत फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळाची बंदीची यादी बघा, कारण दुकानदाराला लागू होते ती हीच. फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस आपल्याकडे २०२० च्या शेवटापासून बंद आहेत. कुणी मागच्या खोलीतून काढून द्यायला लागला तर घेऊ नका.

इथपर्यंतचं सोपं आहे. खरं काम बाधा झाल्यावर असतं, अन् तिथंच आपण कमी पडतो. २०१७ मध्ये किनवट-माहूरला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती, पण नेमकं कुठलं मिश्रण, किती प्रमाण, किती तास फवारलं हे बऱ्याच जणांच्या बाबतीत नीट कागदावर नव्हतं.

फवारताना घाम फुटला, तोंडाला लाळ आली, दिसायला अंधुक झालं, उलटी झाली, स्नायू फडफडायला लागले की पंप खाली ठेवायचा. कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवायचं, उलटी मुद्दाम काढायची नाही, १०८ ला फोन. बाटली अन् तिच्यासोबतची माहितीपत्रिका दवाखान्यात सोबत न्यायची, कारण ऑर्गॅनोफॉस्फेटला (प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस याच गटातले) अ‍ॅट्रोपिन हे औषध उतारा म्हणून चालतं पण पॅराक्वाट या तणनाशकाला उताराच नाही, डॉक्टरला नाव कळालं नाही तर तो अंदाजानेच चालणार. अन् केसपेपरवर "फवारणी करताना विषबाधा" असं लिहून घ्यायचं, तेही टेक्निकलच्या नावासकट. घाईत "अज्ञात विष" लिहिलं जातं, किंवा पेशंटने औषध पिलंच असेल असं धरून चालतात. मग गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे २ लाख मिळायलाही घरच्यांना चकरा माराव्या लागतात, कारण आत्महत्या त्यात बसत नाही.

आता जिनिव्हाचं, तिथं रॉटरडॅम कराराचं सचिवालय म्हणजे कारभार बघणारं कार्यालय आहे. रॉटरडॅम कराराच्या कलम ६ मध्ये विकसनशील देशांसाठी एक वाट ठेवली आहे, आपल्याकडच्या वापरात एखादं औषध माणसाला बाधतंय असं दिसलं तर देश स्वतः ते यादीत घ्या म्हणून प्रस्ताव पाठवू शकतो, त्याला प्रयोगशाळेचा मोठा अभ्यास लागत नाही, झालेल्या घटनांची नोंद लागते. परिशिष्ट ४ मध्ये काय लागतं ते दिलंय: औषधाचं नाव, टेक्निकल अन् त्याचं प्रमाण, प्रकार (ईसी की एसएल), कंपनी, नेहमी कसं वापरतात, अन् काय झालं त्याचं स्पष्ट वर्णन. म्हणून तुमच्या अर्जात हेच लिहा, साध्या मराठीत: कुठलं पीक, किती उंच पऱ्हाटी, वारा कसा होता, किती पंप मारले, एका पंपाला किती झाकणं, हातमोजे-मास्क होतं का नव्हतं (नव्हतं तर नव्हतं लिहा, लपवू नका, शेतात उन्हात ते कुणी घालत नाही हीसुद्धा माहितीच आहे), त्रास किती वेळाने सुरू झाला. सालगड्याला बाधा झाली असेल तर त्याच्या नावाने अर्ज करा, मालकाच्या नाही.

अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्या, एक प्रत जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्याला, सोबत बिल, लेबलचे फोटो अन् केसपेपरची झेरॉक्स, अन् आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. तिथून तो कागद दिल्लीला कृषी मंत्रालयात गेला पाहिजे, कारण जिनिव्हाला फक्त देशाने नेमलेलं कार्यालयच पाठवू शकतं, तुम्ही-आम्ही नाही.

घाई मात्र धरू नका. आफ्रिकेतल्या चाड देशाने धान्य खाणाऱ्या पाखरांवर मारायच्या फेन्थिऑनबद्दल असाच प्रस्ताव दिला, तो २०१५ च्या बैठकीत अडला अन् यादीत गेला २०२५ मध्ये. बुर्किना फासोच्या कापूसवाल्या शेतकऱ्यांना पॅराक्वाटची बाधा झाली, त्यांच्या नोंदींवरून प्रस्ताव गेला, तो २०१३ पासून लटकलाय. तिथं सगळ्यांचं एकमत लागतं, दोन-चार देश अडून बसले की झालं. आपल्या मते हीच या कराराची सगळ्यात मोठी खोट आहे.

तुमचा कागद पुढं गेला का हे कुणी आपणहून सांगणार नाही. दोन-तीन महिने वाट बघा, मग केंद्रीय कृषी मंत्रालयाला ऑनलाइन माहिती अधिकार टाका, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न दोनच ठेवा: महाराष्ट्रातून फवारणीच्या विषबाधेचे किती अहवाल आले, अन् त्यातले किती रॉटरडॅम कराराच्या सचिवालयाला पाठवले, तारखांसकट.