सीएनसी राऊटरवर जॉब परत चढवताय? या चुका टाळा

सीएनसी राऊटरवरून (संगणकाच्या सूचनांवर लाकूड कोरणारं मशीन) उतरवलेली फळी परत चढवली आणि दुसऱ्या कटात नक्षी अर्धा-पाऊण मिलिमीटर सरकली की आधी मशीनवर संशय जातो. घोळ मात्र बहुतेक वेळा पहिल्या कटाआधीच झालेला असतो. जॉब, म्हणजे कोरायची फळी, परत नेमका कुठे बसणार, याची सोयच केलेली नसते.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती फळीच्या कडेवरून झिरो (मोजमाप सुरू होतं तो बिंदू) धरल्यामुळे. मधल्या वेळात त्या कडेला पॉलिशपेपर लागलेला असतो, आणि करवतीची कड मुळात सरळ असेलच असं नाही. त्यापेक्षा पहिल्याच प्रोग्राममध्ये वाया जाणाऱ्या भागात दोन भोकं घ्या. ती फळीच्या आरपार जाऊन खालच्या स्पॉइलबोर्डमध्ये (बेडवरची, कापली गेली तरी चालणारी फळी) ८-१० मिमी उतरू द्या. त्यांत ६ मिमीच्या डॉवेल पिन (गोल खुंट्या) बसतील. ६ मिमीचं बिट (कापणारं पातं) सरळ खाली दाबू नका, ते कोलेटमध्ये (बिट पकडणारी पकड) जरा डगमगलं तरी भोक सैल होतं. ४ मिमीचं बिट गोल फिरवत उतरवा. १८ मिमी प्लायला त्याची धार ३० मिमी तरी लांब हवी. आधी टाकाऊ तुकड्यावर भोकाचं माप ६.०० पासून ०.०५ मिमीने वाढवत पाहा. अंगठ्याच्या दाबाने पिन आत गेली की ते माप पक्कं. दोन पिनांमध्ये अंतर भरपूर ठेवा: पिना १०० मिमी अंतरावर असून ०.१ मिमी खेळ असला, तर त्यांच्यापासून ४०० मिमीवर तोच ०.४ होतो.

जॉब पलटायचा असेल तर दोन्ही पिना पलटण्याच्या अक्षावरच हव्यात, आणि झिरोही त्याच रेषेवर. झेड झिरो (उंचीचा झिरो) दोन्ही बाजूंना बेडवरून घ्या, वरच्या पृष्ठभागावरून नको. १८ मिमीचा म्हणून घेतलेला प्लाय क्वचितच बरोबर १८ भरतो.

एवढं करूनही दोन बाजू जुळत नसतील, तर गॅन्ट्री (बिट वाहून नेणारा आडवा पूल) गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, आहे का ते बघा. ३०० × ४०० मिमीच्या चार कोपऱ्यांवर बारीक भोकं पाडा. दोन्ही कर्ण ५०० भरायला हवेत. कर्णांत ०.६ मिमी फरक म्हणजे ४०० मिमीत अर्धा मिमी तिरकेपणा. एका बाजूच्या कामात तो डोळ्यांना दिसत नाही, पण पलटल्यावर दुप्पट होतो: अक्षापासून २०० मिमीवर अर्धा मिमीची पायरी.

नागपुरात लाकूडही फसवतं. लकडगंजातून आणलेली सागवानाची फळी मे महिन्यात कडक वाळते, आणि रात्रभर कूलरसमोर राहिली की ओल धरते. सागवान आडवं, म्हणजे रेषांच्या काटकोनात, दर एक टक्का ओलाव्यामागे साधारण ०.१९ टक्के हलतं. २०० मिमी रुंद फळीत ओलावा चार टक्क्यांनी बदलला, तर दीड मिमी गेलाच. म्हणून पिनांची ओळ रेषांना आडवी असेल तर फळीतलं दुसरं भोक गोल न ठेवता त्या ओळीच्या दिशेने १० मिमी लांब खाच करा. दोन्ही बाजू एकाच दिवशी उरकणं सगळ्यात उत्तम. नाहीतर फळी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.

वीज गेली तर? ग्रबलमध्ये (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) जी५४ ची, म्हणजे कामाच्या झिरोची, नोंद राहते, पण होमिंग (मशीनला ठरलेल्या कोपऱ्यात नेऊन स्वतःची जागा ओळखायला लावणं) केल्याशिवाय तिला अर्थ नाही. जी९२ या आज्ञेने तात्पुरता धरलेला झिरो तर पुसलाच जातो. काम थांबलेलं असताना मोटारी सुटू नयेत म्हणून ग्रबलच्या $१ या सेटिंगची किंमत २५५ ठेवा. बिट बदललं की फक्त झेड पुन्हा घ्या, एक्स-वायला हात लावू नका.

आणि खूण न ठेवताच फळी उचलली असेल? ती ठोकून-ठोकून सरळ करत बसू नका, क्लॅम्प आवळताना ती पुन्हा सरकेल. आधी पक्की आवळा. मग स्पिंडल (बिट फिरवणारी मोटार) बंद ठेवून व्ही-बिटाचं टोक आधीच्या कटातल्या, एकमेकांपासून लांबच्या दोन बिंदूंवर आणा, दोन्ही वेळा डावीकडूनच, म्हणजे बॅकलॅश (मशीनच्या चालीतला ढिलेपणा) सारखा राहतो. आकडे लिहून घ्या. ३०० मिमीत ०.४ चा फरक म्हणजे फळी ०.०७६ अंश तिरकी. ग्रबलला जी६८ (आकृती फिरवण्याची आज्ञा) कळत नाही, त्यामुळे ड्रॉइंगच एवढ्या कोनातून फिरवून टूलपाथ (बिटाचा मार्ग) नव्याने काढा, पहिल्या बिंदूवर झिरो धरा, आणि बिट ५ मिमी वर ठेवून एकदा हवेत फिरवून बघा.