सप्ताहात वीणेच्या पहाऱ्याची यादी कशी करावी

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. सप्ताहात सगळी लेकरं देवाचीच, हे सांगायला कीर्तनकार असतात. खरं काय ते पहाऱ्याच्या यादीत दिसतं. वीणा सात दिवस खाली टेकवायची नसते, पाळीपाळीनं गळ्यात घेऊन उभं राहायचं, त्या पाळीलाच पहारा म्हणतात. आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, मग जात कुठलीही असो. म्हणून सुरुवात यादीपासून करा, पंगतीपासून नको. पंगत एक म्हटली तरी लोक आपापला कोपरा धरतात, वाढणाऱ्या बाईला सगळं दिसतं.

आधी विचारायला जा. आंबेडकर गल्लीत मी यादी करूनच गेले होते. एका मावशीनं चहा पुढं केला नि म्हणाली, "नावं लिवून आणलासा, आमास्नी इचारलासा कवा?" दोन घरांनी नको म्हटलं, ते बुद्धवंदनेला जातात. तिथं आग्रह करायचा नाही.

वेळा चिठ्ठ्या टाकून ठरवा. पहिल्या वर्षी टाकल्या नाहीत, तर त्या गल्लीला रात्री २ ते ४ चा पहारा आला. पाया पडताना बघायला देवळात मांजरसुद्धा नाही!

"आमच्यात भेदभाव नाही" म्हणणारे भेटतीलच. पंढरीचं देऊळ दलितांना उघडायला साने गुरुजींना १९४७ साली दहा-अकरा दिवस उपास करावा लागला, एवढंच मी म्हणते. कन्नड बोलणाऱ्यांना जातिभेद न मानणाऱ्या बसवण्णांची आठवण पुरते.

आणि टाळकऱ्यांशी आधीच बोलून ठेवा: दुसऱ्याचा पहारा कुणी घ्यायचा नाही. आमच्याकडे हरिपाठ संपला, वीणा एका आजोबांच्या गळ्यात, पुढचं नाव त्या गल्लीतल्या कॉलेजच्या पोराचं. आजोबांनी माझ्या दिरांना खुणावलं. दीर डोळे मिटून टाळ वाजवत राहिले. मग पखवाजवाल्याकडं बघितलं, त्यानं मान खाली घातली. वीस मिनिटं गेली. वीणा या खांद्यावरून त्या खांद्यावर, पण ठेवणार कुठं? शेवटी पोरगाच पुढं येऊन वाकला. आजोबांनी वीणा दिली, हात छातीपर्यंत नेला, वाकले मात्र नाहीत. आम्ही टोकलं नाही. टोकायला हवं होतं का, यावरून दीर नि मी अजून भांडतो.

वीणेचा पट्टा जुना असेल तर रुंद, मऊ कापडाचा शिवून घ्या. आमचा सुतळीचा होता.